आरोग्य : फिट

“आधी फिट म्हंजे काय, ते ठरवून टाकू,” महादेवराव म्हणाले आणि कपाळावरचा चष्मा त्यांनी नाकावर ओढला. “मंग कोण खरं न कोण खोटं, ते आपोआप निंगते.”

परतवाड्यातल्या नत्थुजींच्या घराची पुढची खोली सकाळपासून भरलेली होती. एका भिंतीला हिवरखेडची मंडळी बसली होती. विहीण सत्यवतीबाई, त्यांचा मुलगा गजेंद्र आणि जीपमध्ये जागा होती म्हणून आलेले दोन भाऊबंद. समोरच्या भिंतीला मुलीचे वडील नत्थुजी एकटेच. मधल्या सतरंजीवर महादेवराव, कारण ही सोयरीक त्यांनीच जमवली होती. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर माणसाला कुणीतरी ऐकणारं लागतं, म्हणून ते सोयरिकी जमवत आणि बिघडल्या की त्या मोडायलाही तेच बसत.

त्यांच्यापुढे चहाचे रिकामे कप होते आणि एक कागद होता. कागद म्हणजे साधनाचा बायोडाटा. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, रास, नाडी, उंची, शिक्षण. नवव्या ओळीत लिहिलं होतं, आरोग्य : फिट.

साधना आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, जा असंही नाही. बावीस दिवसांपूर्वी गजेंद्रने तिला इथे आणून सोडलं, दोन दिवस आराम कर म्हणाला आणि परत फोन उचलला नाही. आज आले ते सोडचिठ्ठीचा कागद टाइप करूनच. जीपच्या टपावर तिचं शिलाई मशीन दोरीने बांधलेलं तिने खिडकीतून पाहिलं, तेव्हाच बाकीचं बोलणं ऐकायची तशी गरज नव्हती. तरी ती उभी होती. तिचा एक हिशेब होता. फसवणूक झाली असं सासू म्हणत होती, पण गजेंद्रला लग्नाआधीपासून सगळं ठाऊक होतं. तिने स्वतः त्याला विचारलं होतं. आज चार माणसांत तो तेवढं एक वाक्य बोलेल आणि हा कागद फाटेल, याची तिला खात्री होती.

महादेवरावांनी पिशवीतून शाळेचा जुना शब्दकोश काढला. पुठ्ठा उखडलेला, पण मधली पानं शाबूत.

“फिट,” त्यांनी वर्गात वाचावं तसं वाचलं. “एक, योग्य किंवा लायक. दोन, निरोगी, धडधाकट. तीन, अंगाला बरोबर बसणारे. चार...” इथे ते थांबले. “चार, झटका, आकडी, मूर्च्छा.”

ज्या माणसाने निरोगी आणि आकडी या दोन्हींना एकच शब्द ठेवला, त्याला वऱ्हाडात कधी सोयरीक जमवावी लागली नसावी.

“चार नंबरचं कोन वाचते वो गुरुजी?” सत्यवतीबाई म्हणाल्या. “आमच्या घरी दिवसभर फिट फिटच चालते. मोटर फिट झाली, पाइप फिट झाला, गाडी फिट हाये. माह्या पोराचा धंदाच फिटिंगचा. आरोग्य फिट, असं कोनी लेह्यलं त कोनता मानूस म्हनंल का पोरगी आंगनात पडते न तोंडातून फेस काढते?”

“मी खोटं नाई लेह्यलं,” नत्थुजी म्हणाले. सकाळपासून ते हेच वाक्य बोलत होते. “फिट लेह्यलं. तुमी दोन नंबरचं वाचलं, त्यात माहा काय गुन्हा?”

बोलणं हुशारीचं होतं, पण ते करताना नत्थुजी साधनाकडे बघत नव्हते. तिला ते उगाच खटकलं.

फिट हा शब्द या घरात बारा वर्षांपूर्वी आला. साधना तेव्हा पंधराची. भाजीबाजारात बापाच्या दुकानावर मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती कोलमडली आणि जुड्यांवरच थरथरत राहिली. गर्दी जमली, कुणीतरी मिरगी म्हणालं आणि दुपारपर्यंत बाजारभर झालं. अमरावतीच्या डॉक्टरने मात्र फिट असा शब्द वापरला आणि गोळी लिहून दिली. कौशल्याबाईंना, म्हणजे साधनाच्या आईला, तो शब्द फार आवडला. मिरगी म्हटलं की लोक हुंगवायला पायातल्या जोड्याकडे बघतात. फिट म्हटलं की वाटतं, काहीतरी शहरातलं आहे, औषधाने जाणारं आहे. त्या दिवसापासून घरात मिरगी हा शब्द बंद झाला. इंग्रजी शब्दाची आपल्याकडे ही एक सोय आहे. उघडं पडलेलं त्याने झाकता येतं.

दहावीनंतर साधना शिवण शिकली. कात्री हातात असताना झटका आला तर काय, या भीतीने आई वर्षभर तिच्यासमोर बसून राहायची. तसं कधी झालं नाही. गोळी रोज नेमाने घेतली की काही होत नसे. मागची चार वर्षं तर एकदाही नाही. आणि तिचा हात असा बसला की अचलपूरहून बायका ब्लाउज घेऊन येऊ लागल्या. फिटिंग पाहिजे तर साधनाचं, असं त्या म्हणत. काखेत चुणी नाही, पाठीवर झोळ नाही. शिवाय ती आतून माया भरपूर सोडायची, दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड दुमडलेलं. बाई अंगाने सुटली की तेवढं उसवायचं आणि ब्लाउज पुन्हा अंगाला बसायचा. दुसरे शिंपी कापड वाचवायला माया कापून टाकत.

लग्नाचा विषय निघाला तेव्हा ती बापाला एकच म्हणाली होती, “बाबा, फिटचं पह्यलेच सांगून द्याचं. मंग कोनी आलं त आलं, नाई त नाई.” बायोडाटा तिने स्वतः चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून करून घेतला. आरोग्याची ओळ कुणाच्याच बायोडाट्यात नसते, ती तिने मुद्दाम घालायला लावली. आणि त्या ओळीत लिहिलं, फिट येते. आज सकाळपासून सगळे नुसतं फिट म्हणत होते ते बोलण्याच्या ओघात, असं ती धरून चालली होती.

तीन स्थळं आली आणि तीन गेली. शेंदूरजनाघाटच्या लोकांनी तर कागद वाचला, समोरचे पोहे तसेच ठेवले आणि मोठ्या माणसाला अचानक काम आठवलं. ती ताटली उचलताना तिला वाईट वाटलं, पण लाज वाटली नाही. आपण सांगितलं, ते गेले. व्यवहार साफ.

चौथं स्थळ हिवरखेडचं. काळी जमीन, विहिरीला पाणी, मुलगा आयटीआय झालेला, गावोगाव पाण्याच्या मोटारी बसवणारा. असल्या घरचा मुलगा कागद वाचूनही आला, याचंच तिला नवल वाटलं. बघण्याच्या दिवशी दोघांना मागच्या अंगणात पाच मिनिटं बोलायला सोडलं. गजेंद्र हौदाजवळच्या मोटारीकडे बघत उभा होता.

“तुमी बायोडाटा वाचला न?” तिने विचारलं. “फिटचं?”

“वाचला न,” तो हसून म्हणाला. “त्याच्यात काय? आपलं त कामच फिटिंगचं हाये.”

एवढंच तो बोलला. ती आत आली, चुलीपुढे बसली आणि चहाला आधण ठेवता ठेवता पदर डोळ्यांना लावून रडली. कौशल्याबाई घाबरल्या. साधना म्हणाली, “काई नाई माय. मानूस मोठ्या मनाचा हाये.”

लग्न झालं. हिवरखेडला ती सात महिने राहिली आणि ते सात महिने ती त्या एका वाक्यावर जगली. सासू कामाला कडक होती, पाणी लांबून आणावं लागे, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत जीव नकोसा व्हायचा. तिने कशालाच तोंड वाकडं केलं नाही. सगळं ठाऊक असून ज्या माणसाने आपल्याला केलं, त्याच्या घरात तक्रार करायला आपल्याला तोंड नाही, असं तिला वाटे. रात्री जेवणानंतर ती गोळी घ्यायची, उघडपणे, सगळ्यांसमोर. गजेंद्र कधी उशिरा आला तर हात धुता धुता विचारायचा, “गोळी घेतली का तू?” कुठली, कशाची, हे त्याने कधी विचारलं नाही. तो आपल्याला अवघडू नये म्हणून विचारत नाही, असं तिने धरून ठेवलं. त्याच्या मळक्या बनियनवरचे ऑइलचे डाग ती दोन दोनदा साबण लावून काढायची.

सासूचे ब्लाउज तर तिने मनापासून शिवले. सत्यवतीबाई अंगाने भरलेल्या, खांदे उतरते, कुठल्याच शिंप्याचं माप त्यांना धड बसत नसे. साधनाने पहिला ब्लाउज दिला तेव्हा त्या आरशासमोर दोनदा वळल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “जन्मात पह्यल्यांदा असं फिट बसलं माय.” त्यानंतर गावातल्या बायका रांग लावून आल्या.

भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांच्या आधी गोळ्या संपल्या. गावच्या दुकानात त्या मिळत नसत, अकोटहून आणाव्या लागत. तिने चिठ्ठीवर नाव लिहून गजेंद्रला दिलं. तो आला ते टॉनिकची बाटली घेऊन. ते भेटलं नाही, हे त्याच्याहून चांगलं आहे म्हणे, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, मला तीच पाहिजे, चुकली तर त्रास होतो. तो म्हणाला, परवा आणतो. परवा त्याला तेल्हाऱ्याकडे मोटर काढायला जावं लागलं. चौथ्या दिवशी दुपारी, ब्लाउज न्यायला आलेल्या सहा-सात बायकांसमोर, अंगणात ती पडली.

शुद्धीवर आली तेव्हा पहिल्यांदा तिला वास आला. कुणीतरी तिच्या नाकाशी चप्पल धरली होती. सासूची चप्पल, शेणात भरलेली. साडी पायावरून सरकली होती आणि ती कुणी सारखी केली नव्हती. बायका कुंपणापर्यंत मागे सरकल्या होत्या. गजेंद्र दाराशी उभा होता, आणि तो पुढे आला नाही. तो घाबरला असेल, असं तेव्हा तिला वाटलं. पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरतोच. सांगितलेलं वेगळं आणि बघितलेलं वेगळं, असं तिने बावीस दिवस स्वतःला समजावलं होतं.

“मी फिट लेह्यलं,” इकडे खोलीत नत्थुजी पुन्हा सांगत होते. “आता पुस्तकात त्याचा अर्थ आकडीबी हाये. गुरुजीनं वाचला. मंग मी कसा काय फसवला तुमाले?”

महादेवरावांनी शब्दकोश मिटला. मग त्यांनी पिशवीतून एक फाइल काढली. सोयरिकीचे कागद ते लावून ठेवत, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे.

“नत्थुजी, मले बोलाचं नव्हतं,” ते म्हणाले. “पन तुमी आता पुस्तकालेच साक्षीले उभं करून राहिले. तुमचा पह्यला कागदबी माह्याजवळ हाये.”

त्यांनी दुसरा बायोडाटा पहिल्याशेजारी ठेवला. तोच गणपती, तीच रास, तीच नाडी. भाऊबंदांपैकी एकाने वाकून नववी ओळ मोठ्याने वाचली. “आरोग्य, फिट येते.” मग त्याने दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. “याच्यात ‘येते’ काहाडलं.”

साधना चौकट सोडून पुढे आली. दोन्ही कागद तिने बघितले. डावीकडचा तिने केलेला होता. उजवीकडचा तिने जन्मात पहिल्यांदा पाहिला.

“बाबा,” ती म्हणाली. “हिवरखेडले कोनता देल्ला होता?”

उत्तर कौशल्याबाईंनी आतून, स्वयंपाकघराच्या अंधारातून दिलं. “तिघं उठून गेले होते न बाई. तुहं वय चाललं होतं. काय करीन बाप?”

“दोनच अक्षरं,” नत्थुजी म्हणाले. हुशारी सगळी उतरली होती आणि आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. “खोटं एक अक्षर नाई घातलं म्या. दोन अक्षरं काहाडली फक्त. चार वर्षं तुले काई झालंच नव्हतं. म्या म्हटलं, आता येतच नाई त लेहाचं काहून?”

“आन तुमी?” सत्यवतीबाईंनी तोफ महादेवरावांकडे वळवली. “तुमच्या फाइलीत दोनी कागद होते.”

“मी देल्लेला कागद पोचोतो,” महादेवराव म्हणाले. “तपासत नाई. तपासाले लागलो त एक लगन जमाचं नाई.”

ते खरं होतं. दोन्ही भाऊबंदांनी माना हलवल्या. त्यांच्याही घरी लेकी होत्या.

साधनाचं तिकडे लक्ष नव्हतं. कागद बदलला हे कळल्यापासून तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी उलटं फिरायला लागलं होतं. अंगण, हौद, ते हसणं. ती गजेंद्रकडे वळली. सात महिन्यांत चार माणसांसमोर ती त्याच्याशी थेट कधी बोलली नव्हती.

“कागद जाऊ द्या,” ती म्हणाली. “मी तुमाले सोता विचारलं होतं. आंगनात. फिटचं वाचलं का म्हनून. तुमी म्हनले, वाचलं, त्याच्यात काय.”

गजेंद्र सकाळपासून जमिनीकडे बघत होता. त्याने वर बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. खोटं तर तो बोलतच नसे, आणि त्या दिवशी साधनाच्या नशिबी नेमकं तेच आलं.

“हो, विचारलं होतं तू,” तो म्हणाला. “मले वाटलं, सोताची तारीफ करून राहिली.”

एक भाऊबंद फसकन हसला आणि मग त्याने खोकल्यासारखं केलं.

“आन गोळीचं?” साधनाने विचारलं. आवाज तिचाच होता, पण तिला तो लांबून ऐकू आला. “रोज विचारत होते न तुमी. गोळी घेतली का म्हनून.”

“ते...” गजेंद्रने आईकडे बघितलं. “मले वाटे, लेकरू राह्याव म्हनून डॉक्टरनं देल्ली असंल. आईनं सांगतलं होतं, याद देत जा म्हनून.”

“तुमाले माहीत नव्हतं.”

“नाई न. माहीत असतं त मी पाह्यालेच आलो नसतो,” तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने जरा मवाळपणे भर घातली. “खरं सांगून राहिलो. रागानं नाई.”

रागाने म्हणाला असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. नवऱ्याने टाकल्याचं दुःख तिने बावीस दिवसांत निम्मंअर्धं गिळलं होतं. पण सात महिने ज्या माणसाच्या मोठेपणाखाली ती वाकून राहिली, तो माणूस कधी नव्हताच. एका शब्दाचा दुसरा अर्थ वाचून तिने तो तयार केला होता, त्याचे बनियन धुतले होते, त्याच्यासाठी पत्र्याच्या खोलीत उन्हाळा काढला होता. आई, बाप आणि गुरुजी अशा तिघांनी मिळून तिला फसवलं असं म्हणावं, तर त्यात सगळ्यात जास्त फसवणूक तिचीच तिने केली होती. हे तिला त्या क्षणी कळलं आणि फार दुखलं.

“पोरी, तुले काई बोलाचं असंल त बोल,” महादेवराव म्हणाले. “तुहंबी ऐकलं पायजे.”

“त्यायचं खरं हाये,” साधना म्हणाली. “त्यायले कोनी सांगतलं नव्हतं.”

“साधना,” नत्थुजी कळवळून म्हणाले. “तू त आपल्याकून बोल.”

“सही कुठी कराची?”

सोडचिठ्ठीच्या कागदावर लिहिलं होतं की दोन्ही बाजू राजीखुशीने वेगळ्या होत आहेत. तिने वाचलं. मग शेवटपर्यंत सावकाश पुन्हा वाचलं, एकेका अक्षरावर नजर टेकवत. यापुढे कुठलाही कागद ती तसाच वाचणार होती. तिने सही केली. गजेंद्रने केली. साक्षीदार म्हणून महादेवरावांनी आपल्या वळणदार अक्षरात केली आणि तारीख घातली. मंगळसूत्र तिने गळ्यातून काढून सतरंजीवर ठेवलं. ते उचलायला कुणी हात पुढे करेना, तेव्हा सत्यवतीबाईंनीच उचललं आणि रुमालात गुंडाळलं.

जीपवरून मशीन खाली आलं. भाऊबंदांनी ते ओट्यावर ठेवलं. गजेंद्रने सवयीने चाक फिरवून बघितलं, पट्टा सैल झाला होता तो खिशातल्या पकडीने बसवून दिला आणि जाऊन गाडीत बसला. कौशल्याबाई आत भांडी आपटत होत्या. नत्थुजी उठले नव्हते.

सगळे निघाले असं वाटत असताना सत्यवतीबाई ओट्यावरून परत आल्या. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

“हे मशीनच्या खनात होतं,” त्या म्हणाल्या. पिशवीत दोन ब्लाउजपीस होते, एक मोरपंखी आणि एक मरून. मोरपंखी कापून ठेवलेला, शिवायचा राहिलेला. “तू कापून ठेवला होता महालक्ष्म्यायसाठी. त्या त झाल्या. पन आता दिवाळीनंतर पुतनीचं लगन हाये.”

साधनाने पिशवीकडे बघितलं.

“दुसऱ्याकडं टाकला असता वो मी,” सत्यवतीबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा त्यांना शब्द शोधावे लागले. “अकोटच्या टेलरनं एक शिवून देल्ला या पंदरा दिवसांत. खांद्यातून उतरते तो. तुह्यासारखं फिट कोनाचं बसत नाई. शिलाई देईन मी. असं फुकट नाई.”

आतून भांड्यांचा आवाज थांबला. कौशल्याबाई दारात आल्या. त्यांच्या तोंडावर आता जे येणार होतं ते ऐकायला सगळा ओटा तयार होता. साधनाने आईकडे न बघता हात पुढे करून पिशवी घेतली.

“आत या,” ती सत्यवतीबाईंना म्हणाली. “मरूनचं माप घेऊन घेतो. तुमी जरा सुटल्या वाट्टे.”

सत्यवतीबाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, जिथे मघाशी सतरंजीवर कागद होते तिथे. साधनाने मशीनच्या खणातून टेप काढला. सोडचिठ्ठीचा कागद जीपमध्ये गेला होता. दोन्ही बायोडाटे कुणालाच नको असल्यामुळे तिथेच पडले होते. तिने त्यातला उजवीकडचा, बापाने केलेला, उचलला, कोरी बाजू वर करून मशीनवर ठेवला आणि पेन्सिल घेतली.

“हात वर करा.”

सत्यवतीबाईंनी दोन्ही हात वर केले. त्यांच्या अंगात साधनाचाच ब्लाउज होता, पहिला शिवलेला, अजून कुठे चुणी नसलेला. साधनाने त्यांच्या पाठीमागून टेप घेतला आणि पुढे जुळवला. तिचा गाल क्षणभर त्यांच्या खांद्याजवळ आला तशी सत्यवतीबाईंनी मान पलीकडे वळवली. झटका अंगाला अंग लागून पसरतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. हात मात्र त्यांनी खाली घेतले नाहीत.

“छाती एक इंच वाढली,” साधना म्हणाली आणि आकडा लिहिला. मग दंड, बाही, गळा, पाठीची उंची. एकाखाली एक.

“माया ठेवजो हां,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “जशी ठेवतं तशी. मी अजून सुटीन.”

“ठेवतो.”

बाहेर गजेंद्रने हॉर्न दिला. सत्यवतीबाईंनी पदर सारखा केला. दाराशी पोचल्यावर त्या वळल्या, काय म्हणून हाक मारावी हे त्यांना सुचेना, म्हणून हाक न मारताच त्यांनी विचारलं.

“कधी भेटंल?”

साधना टेप गुंडाळत होती. तिने गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं.

“बुधवारी या, मावशी. चार वाजेनंतर.”